रेशीम रंगवायचेच असते, मग कोषाला डाग का चालत नाही?



पेठ तालुक्यातल्या एका श्रोत्यांचे पत्र आले आहे. भात-नागलीच्या जोडीला त्यांनी थोड्या जागेत तुती लावली आहे आणि रेशीम कीटकांचे एक पीक घेतले आहे. ते लिहितात, 'अंडीपुंज एकच, पाला एकच, राखण आम्हा घरच्यांचीच. कोष दोन पोत्यांत भरून बाजारात नेले. एका पोत्याला बरा भाव लागला आणि दुसऱ्याला पुष्कळ कमी. घेणारा म्हणाला, हा माल डागी आहे. आता मला सांगा, रेशीम पुढे रंगवतातच ना? लाल करतात, हिरवे करतात. मग कोषावर थोडा पिवळट डाग असला तर तो रंगात झाकून जाईल की! का हा भाव पाडायचा बहाणा?'

प्रश्न रास्त आहे. भाव पाडायला बहाणे शोधणारे लोक बाजारात असतात, नाही असे नाही. पण या बाबतीत घेणारा खोटे बोलत नव्हता. डाग रंगात झाकला जात नाही, उलट रंगवल्यावर तो जास्त उठून दिसतो. असे का होते, ते आज जरा सविस्तर बघू. हे एकदा नीट कळले म्हणजे चंद्रिकेवर अळ्या सोडताना काय जपायचे ते वेगळे पाठ करावे लागत नाही.

डिंक आणि धागा

तुतीवरची अळी साधारण 25 दिवस पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि मग कोष विणायला बसते. डोके इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत दोन-तीन दिवस ती सलग धागा सोडत असते. चांगल्या पांढऱ्या दुबार जातीच्या एका कोषातला धागा 800 ते 1,200 मीटर भरतो. पेठच्या एसटी स्टँडवर धाग्याचे टोक बांधून चालायला लागलात, तर गावाबाहेर पडाल तरी तो संपायचा नाही.

हा धागा दिसतो एक, पण असतात दोन. अळीच्या अंगात रेशमाच्या दोन ग्रंथी असतात. दोन्हीतून एकेक तंतू येतो आणि बाहेर पडताना ते दोन्ही एका चिकट पदार्थाने एकमेकांना चिकटतात. या चिकट पदार्थाला सेरिसीन म्हणतात, आपण त्याला डिंक म्हणू. कोषाच्या वजनी रेशमात जवळजवळ चौथा हिस्सा हा डिंकच असतो. गरम साबणाच्या पाण्यात डिंक विरघळून जातो, आतले रेशीम मात्र विरघळत नाही. रेशमाला जो मऊपणा आणि चकाकी येते ती डिंक निघून गेल्यावरच. कोष हाताला खरखरीत आणि निस्तेज लागतो तो या डिंकामुळे.

आता मुख्य गोष्ट इथे आहे. कोषाला जो काही रंग दिसतो, तो डिंकात आहे की आतल्या तंतूत आहे, हे आधी बघायचे. डिंकातला रंग असेल तर डिंकाबरोबर धुऊन जातो. तंतूत उतरला असेल तर तो मुक्कामाला राहतो.

कर्नाटकात आणि बंगालमध्ये पिवळे कोष देणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. म्हैसूरची जुनी जात हिरवट पिवळा कोष करते. तिच्याशी पांढऱ्या जातीचा संकर केला तरी कोष पिवळाच येतो. हा पिवळेपणा येतो पाल्यातून. गाजरात, लाल भोपळ्यात जे पिवळे द्रव्य असते त्याच कुळातले द्रव्य तुतीच्या पानातही असते. पिवळ्या जातीच्या अळीच्या पोटातून ते रक्तात उतरते आणि रक्तातून रेशमाच्या ग्रंथीत जाते. पांढऱ्या जातीत ते वाटेतच अडते आणि विष्ठेवाटे निघून जाते. पाला दोघींनी तोच खाल्लेला असतो. गोठ्यात नाही का, गाय आणि म्हैस एकाच गव्हाणीतला चारा खातात, तरी गाईचे दूध आणि लोणी पिवळसर येते, म्हशीचे पांढरे. तसाच हा प्रकार.

हा पिवळा रंग बहुतेक सगळा डिंकात बसलेला असतो. म्हणून पिवळ्याधमक कोषाचे रेशीम साबणात उकळले की मलईच्या रंगाचे, जवळजवळ पांढरे निघते. तेव्हा पिवळी जात म्हणजे वाईट माल, असे समजू नका. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक करून पांढऱ्या दुबार जातीचे अंडीपुंज मिळतात, म्हणून आपल्याकडचा कोष पांढरा असतो, इतकेच.

डागाचा पिवळेपणा मात्र जातीचा नव्हे. कोष विणायच्या आधी अळी पोट साफ करते. शेवटची विष्ठा टाकते आणि पाण्यासारखे मूत्रही सोडते. चंद्रिकेवर दाटी असली की वरच्या अळीचे हे पाणी खालच्या अळीच्या अर्धवट विणलेल्या कोषावर पडते. कोषाचे कवच त्या वेळी ओले आणि मऊ असते, टीपकागदासारखे ते पाणी आत ओढून घेते. हवा खेळती नसेल तर तिथे ओल राहते. तेवढ्या भागातला डिंक बिघडतो आणि घाण थेट तंतूपर्यंत पोचते. दुसरा डाग आतून येतो. रोगट अळी कोष करता करता आतच मेली की तिचे अंग पाघळते आणि काळपट पाणी कवचाला आतून लागते. हा डाग बाहेरून नेहमी दिसतोच असे नाही. म्हणून घेणारा कोष कानाशी नेऊन हलवून बघतो. आतला प्युपा धड असेल तर खुळखुळ वाजतो. पाघळलेला चिकटून बसतो, आवाज देत नाही.

कोषातून धागा काढतानाही आणखी एक भानगड होते. एका कोषाचा तंतू इतका बारीक असतो की तो एकटा वापरता येत नाही. नेहमीच्या विणकामाच्या कच्च्या रेशमाला आठ-दहा कोष गरम पाण्यात एकत्र सोडून त्यांचे तंतू एकत्र ओढतात. त्यात एक डागी असला तर तो आपला मळ बाकीच्यांनाही देतो. पाणी चहासारखे तांबूस होते आणि त्या पाण्यातून निघालेले सगळेच रेशीम कळकट येते. शिवाय डागाच्या जागी तंतू कमजोर झालेला असतो, तो तुटतो. पुन्हा टोक शोधा, पुन्हा जोडा. धागा काढणाऱ्याचा वेळ त्यात जातो आणि माल वाया जातो. त्याने भाव कमी धरला तो याच हिशेबाने.

ऐनावरचा कोष

पेठकडच्या माणसाला रेशमाचा कोष काही अगदी परका नाही. डोंगरात ऐनाच्या झाडाला, क्वचित बोरीलाही, फांदीवर टणक, राखाडी किंवा पिवळट, लहान अंड्याएवढा कोष देठाने लोंबत असतो. देठाचे टोक फांदीभोवती अंगठीसारखे घट्ट वळलेले असते. तो टसर. 1830 च्या दशकात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या या किड्यावर लिहिले तेव्हा एक मजेची नोंद केली. मराठी मुलखात या कोषाचा धागा काढत नसत. कवचाची लांब चिरोटी कापून तिने तोड्याच्या बंदुकीची नळी दांड्याला आवळत. इतके ते चिवट.

टसरचा रंग मात्र तुतीच्या रेशमासारखा धुऊन जात नाही. मधासारखा, तांबूस, करडा असा जो काही असेल तो थेट तंतूत मुरलेला असतो. डिंक काढला तरी टसर टसरच दिसतो. पांढरा करायचा तर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या औषधाने विरंजन करावे लागते. आणि झाड बदलले, हंगाम बदलला, की कोषाची छटाही बदलते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. त्यांच्या कोषांच्या ढिगात दोन कोष सारख्या रंगाचे सापडणे मुश्किल. पण टसरच्या गिऱ्हाइकाला तेच हवे असते. करवतकाठी साडीच्या अंगाला जी मातकट सोनेरी झाक असते ती न रंगवलेल्या टसरचीच.

म्हणजे रंगातला फरक हा दर वेळी दोषच असतो असे नाही. टसरमध्ये तो मालाचा गुण ठरतो. पांढऱ्या तुतीच्या रेशमात तोच फरक दोष ठरतो, कारण घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात ते सारख्या पांढऱ्या मालाचे.

येवल्यात काय होते

आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला येवले आहे. पेठपासून दूर आहे खरे, पण कधी कामाने त्या बाजूला गेलात तर एखाद्या विणकराच्या घरी डोकावून बघा. पैठणीला लागणारे रेशीम आधी साबणाच्या गरम पाण्यात घालून डिंक काढतात, मग रंगवतात. पूर्वी लाख, नीळ, हळद, फुले, साली यांचे रंग असत. आता रासायनिक रंग वापरतात. गरम पाण्यात रंग आणि थोडे आम्ल घालतात आणि रेशमाच्या लडी त्यात वरखाली फिरवत राहतात.

आमच्या श्रोत्यांचा खरा प्रश्न इथे येतो. रंग डाग झाकत का नाही? कारण हा रंग म्हणजे दाराला लावायचा तेलरंग नव्हे. तेलरंगाचा थर लाकडावर बसतो आणि खालचे सगळे लपवतो. रेशमाचा रंग धाग्याच्या आत भिनतो आणि तो पारदर्शक असतो. सरबतासारखा म्हणा ना. स्वच्छ पेल्यात ओतले तर त्याचा खरा रंग दिसतो, चहाचे किटण बसलेल्या पेल्यात ओतले तर वेगळाच. पांढऱ्या रेशमावर गुलाबी चढवला की गुलाबी येतो, पिवळट तांबूस डागावर तोच गुलाबी विटकरी येतो. दुसरे असे की डागाच्या जागी बिघडलेला डिंक पुरता निघत नाही. तिथे रंग कमी-जास्त शोषला जातो. मग एकाच लडीत वीतभर गडद, वीतभर फिका असा पट्टा पडतो. विणताना हे पट्टे साडीच्या अंगावर आडव्या रेघा होऊन उमटतात. कारागिराने महिना-महिना बसून विणलेली साडी, आणि अंगावर रेघा! तो कुणाला दोष देणार?

गडद रंगात हे थोडेफार खपून जाते. काळी चंद्रकला म्हणतात ती काळी पैठणी, तिच्यात बारीकसा डाग कुणाला दिसायचा नाही. पण शिरोदक नावाची शुद्ध पांढरी पैठणी असते. तिच्यात डाग लपवायला रंगच नाही. मोतिया, अबोली अशा फिक्या रंगांचेही तेच. म्हणून डागी कोषाचे रेशीम अगदी फेकून देत नाहीत, पण ते गडद रंगाला किंवा जाड, हलक्या कामाला जाते. जिथे पैसा जास्त तिथे त्याला जागा नाही.

बरे, कोष सगळे निर्मळ असले तरी रंगाऱ्याचे काम सोपे नसते. एकाच डब्यातला रंग, एकच हात, तरी सकाळचा घाण आणि दुपारचा घाण यांत छटेचा फरक पडतो. पाणी चार लोटे जास्त झाले, आच कमी झाली, लडी दहा मिनिटे उशिरा काढल्या, की झाला फरक. म्हणून शहाणा विणकर एका साडीचे रेशीम एकाच घाणात रंगवून घेतो आणि वर थोडे जास्तीचे ठेवतो. मध्येच कमी पडले आणि नव्याने रंगवले तर जोड दिसतो. आपण घराच्या भिंतीला चुना देताना निळीची पूड घालतो, तेव्हा दुसऱ्या बादलीचा रंग पहिल्याशी जुळतो का? तसेच हे.

पाण्याचा गुणही आडवा येतो. हे घरी करून बघण्यासारखे आहे. हिरडा तुमच्याकडे रानात मिळतो. त्याचे पाणी करा, पिवळट येईल. त्यात गंजका खिळा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी शाईसारखे काळे झालेले असेल. विहिरीच्या पाण्यात लोह असले तर रंगाच्या कढईतही थोडेफार असे घडते. हळदीचे तर घरातल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. हळदीला चुन्याचे पाणी लागले की कुंकू होते, आणि हळदीत रंगवलेले पातळ उन्हात वाळवले की चार दिवसांत उडते. नैसर्गिक रंग सुंदर खरे, पण लहरी. त्यांचे हल्ली फार कौतुक होते. ते टिकवायला मात्र हात अनुभवी लागतो.

डोळाही फसतो

कधी कधी धागा तोच असतो, रंगही तोच, आणि तरी दोन माणसांना तो वेगळा दिसतो. याचे कारण प्रकाशात आहे. तुतीच्या रेशमाचा तंतू गोल नसतो. आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर कोपरे घासलेल्या तिकोनासारखा दिसतो. त्याच्या चपट्या बाजूंवरून उजेड आरशासारखा परततो. म्हणून लड एका बाजूने धरली तर उजळ आणि फिरवली तर गडद दिसते. पैठणीत याचा मुद्दाम उपयोग करतात. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घालतात. पदर हलला की कधी हिरवा, कधी जांभळा भासतो. याला धूपछाँव म्हणतात.

ओल्या धाग्याची गोष्ट आणखी निराळी. पहिला पाऊस पडला की तांबडे वावर एकदम काळपट दिसते, वाळले की पुन्हा पूर्वीसारखे. मातीचा रंग काही बदललेला नसतो. कोरड्या मातीत कणांच्या मध्ये हवा असते, तिथून उजेड बराच परत फिरतो. त्या जागी पाणी भरले की उजेड आत जिरतो, परत येत नाही. धाग्याचेही अगदी तसेच होते.

या बाबतीत सगळ्यांत जास्त चिकित्सा कोण करत असेल तर विलायतेतले गळाने मासे धरणारे हौशी लोक. तुम्ही दमणगंगेवर गळाला गांडूळ लावता. तिकडे ट्राउट नावाचा मासा पाण्यावरचे बारीक किडे टिपून खातो, म्हणून ते लोक गळाच्या बारीक आकड्यावर पाखराचे पीस रेशमी दोऱ्याने गुंडाळून खोटी माशी बांधतात. यॉर्कशर प्रांतातल्या अशा माश्यांवर 1885 साली टी. ई. प्रिट यांनी पुस्तकच लिहिले. त्यातल्या पुष्कळ माश्यांचे अंग म्हणजे नुसता रेशमी दोरा आणि वर पिसाचे एक-दोन फेर, बाकी काही नाही. तेव्हा दोऱ्याच्या छटेवरच सारी मदार. तित्तराच्या पिसाबरोबर नारिंगी दोरा, पाणकोंबडीच्या पिसाबरोबर पिवळा, असे ठरलेले असते. आता गंमत बघा. पिवळा दोरा ते जोडे शिवताना दोऱ्याला लावतात तसल्या काळपट मेणातून ओढून घेतात, आणि तो हिरवट होतो. नारिंगी दोरा पाण्यात भिजला की गडद तपकिरीकडे झुकतो. माशाला दिसतो तो ओला दोरा, म्हणून जाणता माणूस दुकानात दोऱ्याचे टोक ओले करून मगच रंग ठरवतो. आणि जुन्या रिळाचा नारिंगी नव्या रिळाशी जुळला नाही, की त्यावर तासन्‌तास वाद घालतो. आपल्याला हसू येईल. पण येवल्याच्या रंगाऱ्याची आणि त्या मासे धरणाऱ्याची अडचण शेवटी एकच आहे.

कोष बघतानाही हा नियम पाळायचा. दमट कोष गडद दिसतो आणि बारीक डाग त्यात लपतो. वाळला की डाग वर येतो. घरी बघितला तेव्हा चांगला होता आणि बाजारात डागी निघाला, असे वाटते ते यामुळेही. म्हणून निवड करायची ती कोष वाळलेले असताना, सकाळच्या उजेडात, अंगणात सावलीला बसून. रात्री बल्बच्या पिवळ्या उजेडात पांढरा आणि पिवळट यांतला फरक कळत नाही. तसेच कोष उन्हात पसरून ठेवू नका. रेशमावर ऊन फार वेळ पडले की ते स्वतःच पिवळे पडते आणि कमजोर होते.

चंद्रिकेवरच जपा

आता तुमच्या हातातले काय ते सांगतो. पिकलेली अळी पाला सोडते, अंगाने पारदर्शक पिवळसर होते आणि डोके वर करून हलवत राहते. अशीच अळी वेचून चंद्रिकेवर सोडा. घाई करून कच्च्या अळ्या सोडल्या तर त्या चंद्रिकेवर आणखी घाण करतात. एका चौरस फुटात 40 ते 50 अळ्या पुरेत. सहा फूट बाय चार फुटांच्या चंद्रिकेवर हजार-अकराशेच्या वर जाऊ नका. चंद्रिका कमी पडतात म्हणून लोक दाटी करतात. त्यातूनच डागी कोष होतात, आणि दोन अळ्यांनी मिळून केलेले जोड कोषही. चार चंद्रिका शेजाऱ्याकडून उसन्या आणल्या तर कमीपणा नाही. प्लास्टिकच्या नेत्रिका वापरत असाल तरी दाटीचा नियम तोच.

चंद्रिका तिरपी उभी करा आणि खाली जुनी वर्तमानपत्रे पसरा. मूत्र कागद शोषून घेईल. कागद ओले झाले की बदला, तसेच ठेवू नका. कोष विणायचे दोन-तीन दिवस हवा खेळती हवी. उष्णता 24-25 अंश आणि हवेतला ओलावा 60 ते 70 टक्के असला की उत्तम. पेठचा आषाढ-श्रावण म्हणजे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंतीसुद्धा घाम सोडतात. तेव्हा माझे स्पष्ट मत आहे की, नवख्या माणसाने भर पावसात पीक घेण्याच्या भरीस पडू नये. दसऱ्याच्या पुढचे हंगाम बरे. ज्यांना पावसाळ्यात घ्यायचेच आहे त्यांनी ओला पाला अळ्यांना घालू नये आणि चंद्रिका वाऱ्याच्या पडवीत, पण पावसाची झड लागणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात.

थंडीत आपल्याकडे शेगडी पेटवायची सवय आहे. कुडाच्या घरात धूर कोंडतो आणि पांढरा कोष करडा पडतो. कोळसे बाहेर पेटवून, धूर पुरता गेल्यावरच शेगडी आत आणा, आणि खोली बंद करून तिच्याशेजारी कुणी झोपू नका. त्या कोळशाच्या वाफेने माणूस दगावतो.

दुसऱ्या दिवशी चंद्रिकेवर नजर फिरवा. ज्या अळ्या कोष करायला बसल्या नाहीत किंवा मेल्या आहेत त्या चिमट्याने उचलून काढा आणि लांब पुरा. एक मेलेली अळी फुटली की आजूबाजूचे पाच कोष खराब करते. मुळात रोगट अळ्या होऊच नयेत म्हणून प्रत्येक पिकाआधी संगोपनगृह आणि साहित्य निर्जंतुक करायचे असते. 100 लिटर पाण्यात 2 किलो ब्लिचिंग पावडर आणि 300 ग्रॅम विरलेला चुना, हे प्रमाण लक्षात ठेवा. फवारताना नाकातोंडाला फडके बांधा.

कोष काढायची घाई करू नका. अळ्या सोडल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, आणि कडाक्याची थंडी असेल तर आणखी एक-दोन दिवसांनी, दोन-तीन कोष कापून बघा. आतला प्युपा तपकिरी आणि टणक झाला असेल तर काढणी करा. पिवळा, मऊ असेल तर थांबा. मऊ प्युपा काढताना आणि पोत्यात दाबला जाताना फुटतो, आणि चांगल्या कोषाला घरातून निघताना डाग नसतो तो बाजारात पोचेपर्यंत लागतो.

कोष भरायला खताची किंवा प्लास्टिकची पोती वापरू नका. त्यात जिवंत प्युपाच्या श्वासाने घाम धरतो. सैल विणीच्या कापडी किंवा जाळीच्या पिशव्या घ्या, ठासून भरू नका आणि प्रवास रात्रीच्या गारव्यात करा. पूर्वी आपल्या राज्यातला बराच माल कर्नाटकात रामनगरला जाई. 2018 मध्ये जालन्याला कोष बाजार सुरू झाला, तेव्हापासून ती लांबची पायपीट बऱ्याच जणांची वाचली आहे. तरी पेठहून जालना म्हणजे जवळ नव्हे. इतक्या वाटेला पिशवी दमट राहिली तर निम्मी मेहनत वाटेतच जाते.

आमच्या श्रोत्यांना आणखी एक सांगायचे आहे. त्यांनी दोन पोती केली, पण पत्रावरून दिसते की दुसऱ्या पोत्यात चांगले आणि डागी कोष मिसळलेले होते. तसे करू नका. घरीच तीन वाटे करा. निर्मळ कोष एका पिशवीत, डागी आणि पोचट दुसऱ्या पिशवीत, जोड कोष तिसऱ्यात. मिसळलेल्या मालाचा भाव घेणारा सर्वांत वाईट कोष बघून ठरवतो. डागी कोष वेगळे विकले तर त्यांना त्यांचा कमी भाव मिळेलच, पण चांगल्यांचा भाव खाली ओढला जाणार नाही. आणि पुढच्या पिकाला डागी कोष कुठल्या चंद्रिकेवर जास्त निघाले, भिंतीकडच्या की दाराजवळच्या, वरच्या की खालच्या, ते वहीत लिहून ठेवा. जिल्हा रेशीम कार्यालयाचे माणूस भेटीला आले की ती वही त्यांच्यापुढे धरा.